गॅलरीतला सोनटक्का

अस्रची नमाज झाली की अम्मी गॅलरीच्या दाराशी खुर्ची ओढून बसते आणि विचारते, "फुलला का?" दोन वर्षं आम्ही या प्रश्नाला एकच उत्तर देत आलो. यंदा सप्टेंबरात उत्तर बदललं. मधल्या काळात आमच्या हातून बऱ्याच चुका झाल्या. बहुतेक झाडाबाबतच्या होत्या, एक मात्र अम्मीच्या डोळ्यांबाबतची होती. झाडाने आम्हाला सांभाळून घेतलं. डोळ्यांचं थोडक्यात निभावलं, अल्हम्दुलिल्लाह. दोन्ही गोष्टी एकमेकींत अशा गुंतल्या आहेत की वेगळ्या करून सांगता येत नाहीत.

कोकणातल्या वाचकांना सोनटक्का काय ते सांगायला नको. विहिरीच्या कडेला, न्हाणीचं पाणी वाहून जातं त्या चरावर, केळी आणि अळवाच्या सोबतीने तो उभा असतो. तो कुणी लावला हे सहसा कुणाला आठवत नसतं. देशावरच्या वाचकांसाठी एवढंच सांगतो की हे आल्या-हळदीच्या कुळातलं फुलझाड आहे. जमिनीत आल्यासारखाच गड्डा, वर सरळ दांडे, दोन्ही अंगांना लांब निमुळती पानं, उंची कंबरेपासून पुरुषभर. पावसाळा अर्धा सरला की दांड्याच्या शेंड्याला हिरव्या खवल्यांचं कणीस येतं आणि एकेका खवल्याआडून पांढरीशुभ्र, फुलपाखरासारखी फुलं बाहेर पडतात. एक फूल जेमतेम एक दिवस टिकतं. पण मागे दुसरं तयार असतं, त्यामुळे एक कणीस बरेच दिवस चालतं. दुपार कलली की कळी सैल पडते, मगरिबच्या सुमारास उमलते आणि अंधार पडला की वास वाढत जातो. हा सगळा थाट रात्री उडणाऱ्या मोठ्या पतंगांसाठी असतो. फुलाची नळी इतकी लांब असते की तिच्या तळाचा मध पतंगाच्या लांब सोंडेलाच मिळतो.

आमच्या गावच्या घरामागे विहिरीला लागून सोनटक्क्याचं असंच एक बेट होतं. दादीच्या काळातही होतं. घराच्या वाटण्या झाल्या तेव्हा विहिरीकडची बाजू दुसऱ्यांच्या वाट्याला गेली आणि तिथे लादी घालायचं ठरलं. अम्मी तेव्हाच आमच्याकडे शहरात राहायला आली. काय काय न्यायचं याची यादी चालू होती तेव्हा ती म्हणाली, "भांडीकुंडी राहू द्या, त्या विहिरीवरचा एक गड्डा तेवढा आणा." जून महिना होता. कोयत्याने पाच तुकडे काढले, पोत्यात घातले आणि एसटीने घेऊन आलो.

पहिली चूक पहिल्याच दिवशी झाली. घरात होती ती उंच, अरुंद कुंडी घेतली, बागेतली चिकट माती भरली, गड्डे वीतभर खोल पुरले आणि वरून रोज पाणी ओतलं. विहिरीवर हे झाड बारा महिने ओल्यात असतं, मग इथे पाणी कशाला मोजायचं, असा आमचा हिशेब. महिन्याने उकरून पाहिलं तर पाचातले तीन गड्डे कुजून लिबलिबीत झाले होते. गोष्ट साधी होती, पण आमच्या ध्यानात आली नव्हती. रुजलेलं बेट मुळांनी पाणी ओढून घेतं. ताज्या तोडलेल्या तुकड्याला मुळंच नसतात, शिवाय त्याची जखम उघडी असते.

म्हणून आता आम्ही असं करतो. दोन-तीन डोळे असलेला भरीव तुकडा घ्यायचा. कापलेल्या बाजूला चुलीतली राख लावून तो एक-दोन दिवस सावलीत सुकवायचा. मग डोळे वर करून आडवा ठेवायचा आणि वर फक्त दोन बोटं माती घालायची. कोंब वीतभर होईपर्यंत माती नुसती दमट राखायची. भांडं खोल नको, पसरट हवं, कारण गड्डा आडवा पसरतो. आम्ही धुण्याचा जुना प्लॅस्टिकचा टब घेतला आणि तापवलेल्या सळईने तळाला आठ भोकं पाडली. दोन घमेली तांबडी माती, एक घमेलं कुजलेलं शेणखत आणि एक कोकोपीट असं मिश्रण केलं. ओला टब भलताच जड होतो. तो ग्रिलवर किंवा कठड्यावर ठेवू नये, जमिनीवर भिंतीच्या कडेला ठेवावा. तिसऱ्या मजल्यावरून खाली पडला तर काय होईल याचा विचारही नको.

या झाडाला नावं मात्र पुष्कळ आहेत. बंगालीत ते दोलनचाँपा. काझी नजरुल इस्लाम यांच्या 1923 च्या कवितासंग्रहाचं नाव हेच आहे. क्युबा देशाचं ते राष्ट्रीय फूल आहे, गंमत म्हणजे ते मूळचं तिकडचं नव्हे, आपल्याच पूर्व हिमालयाच्या आणि आग्नेय आशियाच्या बाजूचं. कोनिग नावाच्या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1783 मध्ये त्याला हेडिकियम कोरोनेरियम हे शास्त्रीय नाव दिलं. यातला पहिला शब्द ग्रीक आहे, त्याचा अर्थ गोड वासाचं बर्फ. दुसरा फुलांच्या माळेवरून आला आहे. आणि हे ज्या कुळातलं त्या आल्याला अरबीत जंजबील म्हणतात. कुरआन शरीफात सूरह इन्सानमध्ये जन्नतच्या पेयाच्या वर्णनात जंजबीलचा उल्लेख आहे. हा अरबी शब्द, इंग्रजीतला जिंजर आणि आल्याचं संस्कृत नाव शृंगवेर ही एकाच घराण्यातली भावंडं आहेत. शृंग म्हणजे शिंग, आल्याच्या गड्ड्याचा आकार डोळ्यांसमोर आणा. वर्गात हे सांगितलं की मुलं आल्याकडे वेगळ्याच नजरेने बघू लागतात. मग डब्यातल्या भाजीतला तुकडा बाजूला काढायचा की खायचा यावर चर्चा होते, तो भाग निराळा.

पाण्याचा प्रश्न अम्मीने सोडवला. उरलेले दोन गड्डे तगले, कोंब वर आले आणि उन्हाळ्यात पानांच्या कडा करपू लागल्या. या झाडाला वाढीच्या दिवसांत पाणी लागतं आणि आमच्याकडे नळ सकाळी तासभर येतो. अम्मी खुर्चीवर बसून वुजू करते. तिच्या पायाशी आम्ही तसराळं ठेवायचो, म्हणजे फरशी भिजू नये. एक दिवस ती म्हणाली, हे पाणी मोरीत का ओतता? वुजूचं वापरलेलं पाणी पाक असतं, त्याने पुन्हा वुजू होत नाही इतकंच. ते झाडाला घालायला काहीच हरकत नाही. तेव्हापासून पाच वेळचं तसराळं टबात रिकामं होतं. साबण नाही, खार नाही, शिवाय दिवसभर थोडं थोडं मिळत असल्याने माती एकदम चिखल होत नाही. एकाच्या वुजूचं पाणी अंदाजे दीड-दोन लिटर, म्हणजे पाच वेळचं किती ते बघा. हे मोजल्यावर आम्ही नळ सोडून वुजू करणाऱ्या घरातल्या तरुण मंडळींना तांब्या घ्यायला लावलं. टबाखालच्या ताटलीत मात्र पाणी साचू द्यायचं नाही. आठवड्यातून एकदा ती पालथी करून पुसायची, नाहीतर डेंग्यूचे डास आपणच पाळले असं होतं.

दुसऱ्या वर्षीची चूक कात्रीची. पहिल्या वर्षी नुसती पानं आली, त्यात नवल नव्हतं, बेट भरायला वेळ लागतो. दुसऱ्या जुलैत नऊ दांडे झाले, ग्रिलबाहेर झुकले, खालच्या मजल्यावर पाणी ठिबकू लागलं. एका रविवारी आम्ही सगळे दांडे कंबरेएवढे छाटले आणि वर हाताची धूळ झाडून म्हणालो, आता छान फुटेल. गुलाब छाटला की फुटतो, जास्वंद फुटते. सोनटक्का तसा नाही. त्याचं कणीस त्याच दांड्याच्या शेंड्याला येतं. शेंडा कापला म्हणजे त्या दांड्याचं त्या वर्षीचं फूल कापलं. अम्मी रोज विचारत राहिली आणि आम्ही "अजून नाही" म्हणत राहिलो. छाटणीचं तिला सांगितलंच नाही.

नियम इतकाच आहे. ज्या दांड्याची फुलं होऊन गेली तोच जमिनीलगत कापायचा. एक दांडा एकदाच फुलतो, त्यामुळे तो ठेवून उपयोग नसतो आणि कापला तर बाजूच्या कोंबांना जागा होते. न फुललेल्या दांड्याला कात्री लावायची नाही. वाकत असतील तर बांबूची काठी रोवून सैल बांधायचे.

आता डोळ्यांची गोष्ट. उर्दू वाचणाऱ्या घरांत गुलबकावलीचा किस्सा ठाऊक नसलेलं माणूस कमीच. बादशहा आपल्या धाकट्या मुलाला पाहतो आणि त्याची दृष्टी जाते. बकावलीच्या बागेतलं फूल डोळ्यांना लावलं तरच ती परत येईल असं सांगितलं जातं आणि तोच धाकटा शहजादा ताजुलमुलूक ते फूल आणायला निघतो. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात निहालचंद लाहोरी यांनी हा किस्सा फारसीवरून उर्दू गद्यात आणला. पुढे लखनौच्या दयाशंकर नसीम यांनी 'गुलजार-ए-नसीम' ही मस्नवी रचली आणि तो घरोघरी पोचला. आता योगायोग असा की नर्मदेच्या उगमाशी, अमरकंटकला, आपल्या या सोनटक्क्यालाच गुलबकावली म्हणतात आणि त्याच्या फुलांचा अर्क डोळ्यांचं औषध म्हणून विकतात.

अम्मी शहरात आली तेव्हाच तिला धुरकट दिसत होतं. रात्री दिव्याभोवती वलय दिसायचं, कुरआन शरीफची मोठ्या अक्षरांची प्रतही डोळ्यांपासून दूर-जवळ करून वाचावी लागायची. मोतीबिंदू आहे हे तपासणीत कळलं होतं, डॉक्टरांनी ऑपरेशन सुचवलं होतं. तेवढ्यात नात्यातल्या एकाने बाटली आणून दिली. "गुलबकावलीचा अर्क आहे, सकाळ-संध्याकाळ दोन थेंब, ऑपरेशनची गरज पडणार नाही." बाटलीवर ना बनवणाऱ्याचं नाव, ना तारीख. अम्मीला ऑपरेशनची भीती होती आणि सोनटक्क्यावर माया होती. तिच्या विहिरीवरचंच फूल ते! तिने लगेच विश्वास ठेवला. आणि आम्ही, रोज मुलांना प्रश्न विचारायला शिकवणारी माणसं, आणणाऱ्याचं मन दुखेल म्हणून गप्प बसलो. किस्सा आम्ही मुलांना किस्सा म्हणून शिकवतो, पण घरात तो औषध बनून आला तेव्हा आम्हाला ओळखता आला नाही. दीड वर्ष ते थेंब चालले.

या जूनमध्ये उजवा डोळा लाल झाला, पाणी गळू लागलं. तेव्हा कुठे आम्ही तिला सरकारी रुग्णालयात नेलं. डॉक्टर मॅडमनी बाटली हातात घेऊन उजेडात धरली. तळाशी गाळ दिसत होता. त्या रागावल्या नाहीत, रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी अम्मीला शांतपणे समजावलं की मोतीबिंदू म्हणजे डोळ्यावर आलेला पडदा नव्हे, तर डोळ्याच्या आतलं भिंग गढूळ होतं, आणि बाहेरून घातलेला कोणताही थेंब ते भिंग पुन्हा स्वच्छ करत नाही. उपाय एकच, ते काढून त्या जागी कृत्रिम भिंग बसवणं. डावा डोळा पिकत चालला होता आणि आणखी उशीर केला तर ऑपरेशन अवघड होणार होतं. आधी उजव्याची सूज उतरवावी लागली, त्यात महिना गेला. ऑगस्टमध्ये डाव्या डोळ्याचं ऑपरेशन झालं आणि अम्मी त्याच संध्याकाळी घरी आली. म्हणाली, "एवढंच होतं?" आम्ही काही बोललो नाही.

नंतरचे काही आठवडे पथ्याचे. डोळ्यात पाणी जाऊ द्यायचं नाही, वाकायचं नाही, धूळ-मातीजवळ जायचं नाही. मशिदीच्या मौलानांना विचारलं. डॉक्टरांनी पाणी मना केलं आहे तोवर तयम्मुम करावं आणि सजदा बसून इशाऱ्याने करावा, असं त्यांनी सांगितलं. त्यामुळे सोनटक्क्याचं वुजूचं पाणी घटलं. मग मुलांनी आपापली तसराळी आणून ती कसर भरून काढली. कुणी सांगितलं नव्हतं.

झाडाचं तिसरं वर्ष आम्ही शहाणपणाने घालवलं. टब कोपऱ्यातल्या सावलीतून हलवून गॅलरीच्या पूर्वेच्या टोकाला आणला. सोनटक्का सावलीत जगतो, पण फुलत नाही. सकाळचं तीन-चार तासांचं ऊन त्याला पुरतं, दुपारच्या कडक उन्हात मात्र पानं भाजतात. मार्चपासून महिन्यातून एकदा दोन ओंजळी शेणखत किंवा स्वयंपाकघरातलं कंपोस्ट दिलं, कारण हे झाड खादाड आहे. युरियाच्या वाटेला गेलो नाही. त्याने पानं माजतात आणि फुलं रुसतात. मासे धुतलेलं पाणी घालावं असं गावाकडे सांगतात आणि ते लागूही पडतं, पण फ्लॅटमध्ये घालू नये. आम्ही एकदाच घातलं, तर इमारतीतल्या सगळ्या मांजरींनी आमच्या दारात मुक्काम ठोकला.

किडींबद्दल फार काळजी नको. पावसाळ्यात पानं नळीसारखी गुंडाळलेली दिसली तर आत हिरवी अळी असते. ती पुढे तपकिरी-पांढऱ्या ठिपक्यांचं फुलपाखरू होते आणि हळदीच्या पानांवरही वाढते. आम्ही एक-दोन पानं तिला सोडून देतो, बाकीच्या अळ्या हाताने काढतो. उन्हाळ्यात पानांच्या मागे बारीक कोळ्यांची जाळी दिसली तर पाण्याच्या फवाऱ्याने धुवायचं. कणसाभोवती मुंग्या जमल्या तर मावा किंवा पिठ्या ढेकूण आलाय असं समजायचं आणि साबणाच्या पातळ पाण्याने पुसून घ्यायचं. हिवाळ्यात पानं पिवळी पडली तर झाड मेलं म्हणून टाकू नका, ते विसावा घेतं. तेव्हा पाणी कमी करायचं, इतकंच.

यंदा अकरा दांडे झाले, त्यातल्या सहांना कणसं आली. सप्टेंबरातल्या एका संध्याकाळी मगरिबची तयारी चालू होती. अम्मी खुर्चीवर होती. आम्ही काही पाहण्याआधीच ती म्हणाली, "फुलला." वास आमच्या आधी तिला आला. तिला हाताला धरून टबापाशी नेलं. ती थोडा वेळ बघत राहिली आणि म्हणाली, "हा इतका पांढरा असतो? मला वाटायचं पिवळसर असतो." मग तिने डावा डोळा झाकून उजव्याने पाहिलं, पुन्हा उजवा झाकून डाव्याने. "यातून पिवळा, यातून पांढरा." हे तिने चार-पाच वेळा केलं, लहान मुलांसारखं. दादीच्या ओढण्या, इदेची चादर, नमाजचं पांढरं कापड, सगळं ती पुन्हा काढून बघू लागली आणि कुठलं खरंच पिवळं पडलंय, कुठलं नाही, याचा घरात दोन दिवस हिशेब चालला. मोतीबिंदू पिकत जातो तसा रंग असा पिवळसर होत जातो आणि माणसाला ते कळतही नाही, हे मॅडमनी नंतर सांगितलं.

फुलं आम्ही झाडावरच ठेवतो, एक-दोन काढलीच तर पाण्याच्या बशीत तरंगत ठेवतो. बंद छोट्या खोलीत मात्र नको, रात्री वास इतका दाटतो की काहींचं डोकं चढतं. या काही वर्षांत रबीउल अव्वल नेमका याच हंगामात येतोय, त्यामुळे घरी मिलादची बैठक झाली तेव्हा अगरबत्तीचा पुडा उघडावा लागला नाही.

एक ताकीद स्वयंपाकघरासाठी. काढलेले गड्डे आल्याच्या टोपलीजवळ ठेवू नका. आमच्याकडे एकदा तो किसणीपर्यंत पोचला होता. दिसायला भाऊ असला तरी तो मसाल्याचा नव्हे. आणि जास्तीचे गड्डे ओढ्यात, नाल्यात फेकू नका. पाण्याकाठी हे झाड असं फोफावतं की दुसऱ्या झाडांना जागा उरत नाही. ब्राझील आणि हवाईत त्याने हा उपद्व्याप करून ठेवला आहे. शेजाऱ्यांना द्या. आमच्याकडे चार नावं आधीच लागली आहेत, त्यात एक नाव बाटली आणून देणाऱ्या नातलगाचंही आहे. अम्मीनेच लिहायला सांगितलं.

फेब्रुवारीत टब पालथा करून बेट फोडायचं ठरलं आहे. तीन वर्षांत गड्डे टबाच्या कडांना भिडले आहेत, आता फोडले नाहीत तर पुढच्या वर्षी फुलं कमी येतील. उजव्या डोळ्याच्या ऑपरेशनची तारीख जानेवारीतली मिळाली आहे. म्हणजे फेब्रुवारीतही अम्मीचा मातीपासून परहेज चालूच असेल. ती खुर्ची दाराच्या आत ठेवून बसेल आणि कुठला गड्डा कुणाला द्यायचा ते तिथूनच सांगेल.